निप्पोन मारू, योकोहामा: जायचं तर शिडं उघडतात त्याच दिवशी

टोकियो स्टेशनवरून केइहिन-तोहोकू लाइनची गाडी पकडली की कुठेही न बदलता चाळीसेक मिनिटांत साकुरागिचो येतं. स्टेशनाबाहेर पडून पाच मिनिटं चाललं की काचेच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी चार डोलकाठ्यांचं पांढरं जहाज दिसतं. हीच निप्पोन मारू. 1930 ते 1984 अशी चोपन्न वर्षं तिने जपानच्या व्यापारी जहाजांसाठी अधिकारी घडवले आणि 1985 च्या एप्रिलपासून ती लोकांना पाहण्यासाठी खुली आहे.

जपानला जाणारे बरेच मराठी प्रवासी योकोहामात अर्धा दिवस काढतात, चायनाटाउनमध्ये जेवतात आणि या जहाजासमोर फोटो काढून परततात. त्यांनी आत जावंच, आणि जमलं तर तारीख बघून जावं. वर्षातले सुमारे बारा दिवस, एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान आणि बहुतेक सुट्टीच्या वारी, या जहाजाची सगळी म्हणजे 29 शिडं उघडली जातात. जपानीत याला सोहान-तेम्पान म्हणतात. वर्षभराच्या तारखा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या पाहून घेतल्या तर एरवी गुंडाळलेली काठी-दोरी वाटणारी गोष्ट डोळ्यांसमोर कामाला लागलेली दिसते.

आधी एक घोळ टाळा. निप्पोन मारू या नावाचं दुसरं प्रशिक्षण जहाज 1984 साली बांधलं गेलं आणि ते आजही कॅडेट घेऊन समुद्रावर असतं. याच नावाचं प्रवासी क्रूझ जहाजही होतं. नेटवर शोधताना तिघांची माहिती आणि फोटो एकमेकांत मिसळतात. तुम्हाला हवं ते योकोहामाच्या मिनातो-मिराई भागातलं, गोदीत उभं असलेलं पहिलं जहाज. साधारणपणे सोमवारी बंद, एरवी सकाळी 10 ते संध्याकाळी 5. फक्त जहाजाचं तिकीट मोठ्यांना 400 येन आणि शेजारच्या बंदर संग्रहालयासकट 800 येन असा दर आहे. निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्यावा. वेळ कमी असेल तर फक्त जहाजाचं घ्या. संग्रहालय योकोहामा बंदराचा इतिहास नीट सांगतं, पण त्याला स्वतंत्र दीड तास हवा.

हे जहाज बांधलं गेलं त्यामागे एक मोठा अपघात आहे. 1927 च्या मार्चमध्ये कागोशिमाच्या व्यापारी नौकानयन शाळेचं किरिशिमा मारू हे शिकाऊ जहाज चोशीजवळच्या समुद्रात वादळात सापडून बुडालं. जहाजावरचे 53 च्या 53 जण गेले, त्यांत 30 विद्यार्थी होते. त्या काळी जपानभर विखुरलेल्या नौकानयन शाळा आपापल्या ऐपतीप्रमाणे लहान जहाजं चालवत होत्या आणि पोरं त्यांच्यावर खोल समुद्रात जात होती. या अपघातानंतर सरकारने पैसे मंजूर केले आणि सगळ्या शाळांच्या मुलांसाठी दोन मोठी, एकसारखी जहाजं बांधायचं ठरलं. आराखडा स्कॉटलंडमधल्या लीथच्या रॅमेज अँड फर्ग्युसन कंपनीचा आणि बांधणी कोबेच्या कावासाकी गोदीतली. निप्पोन मारू 27 जानेवारी 1930 ला पाण्यात उतरली आणि तिची जुळी कैवो मारू पुढच्याच महिन्यात. लांबी 97 मीटर, रुंदी जेमतेम 13 मीटर, वजनमाप 2,278 टन. आत फिरताना ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवावी. सुरक्षिततेचा विचार करून बांधलेलं हे जहाज आहे, आणि या जोडीने अर्धशतकाहून जास्त काळ पोरांना समुद्रावर नेऊन सुखरूप परत आणलं.

बांधणीचा प्रकार भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आणि 1997 पासून नौदलात असलेली आयएनएस तरंगिणी याच जातीची आहे. पुढच्या डोलकाठ्यांवर आडव्या परबाणांना, म्हणजे शीड टांगायच्या वाशांना, चौकोनी शिडं आणि सगळ्यात मागच्या काठीवर उभं शीड. तरंगिणीला तीन काठ्या आहेत, हिला चार. चौकोनी शिडं मागून येणाऱ्या वाऱ्यावर जोर देतात आणि उभी शिडं वाऱ्याच्या तोंडाकडे सरकायला, वळायला मदत करतात. मागच्या काठीवर चौकोनी शीड नसल्यामुळे तिथे माणसं कमी लागतात. कोकणातल्या गलबतांवर परबाण तिरकं असतं. इथे ते काठीला आडवं, समतोल टांगलेलं असतं आणि वाऱ्याप्रमाणे दोरांनी फिरवतात. डेकवर उभं राहून वर पाहिलं की फरक लगेच कळतो.

आता शिडं उघडायच्या दिवसाबद्दल. सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरुवात होते आणि तासाभरात जहाज पूर्ण शिडांत उभं राहतं. हे काम स्वयंसेवक करतात. नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त माणसं, आधी प्रशिक्षण घेऊन आणि मग वर चढण्याची परवानगी मिळवून. ते दोराच्या शिड्यांनी वर जातात, परबाणाखाली ताणलेल्या पायदोरावर पाय देतात, पोट परबाणावर टेकवतात आणि कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवतात. मग गुंडाळलेल्या शिडाला जागोजाग करकचून बांधलेल्या दोऱ्या सोडतात. शीड लगेच उघडत नाही. ते पोत्यासारखं लोंबतं, कारण खालची कड वर खेचून धरणारे दोर अजून ताणलेलेच असतात. खालच्या डेकवरची टोळी ते दोर हळूहळू ढिले करते आणि त्याच वेळी दुसरी टोळी शिडाचे खालचे कोपरे ओढून ताणते. काही परबाणं वर-खाली सरकणारी असतात. तीही दोराने वर चढवावी लागतात, तेव्हा दहा-बारा माणसं एका दोराला लागतात आणि ओरडून ताल धरतात.

चुका कुठे होतात हे पाहायचं असेल तर नजर वर न ठेवता डेकवर ठेवा. एका बाजूचा कोपरा आधी ताणला गेला की शीड तिरकं बसतं आणि परबाण एका अंगाला झुकतं. खालची टोळी दोर ढिला करायला उशीर करते तेव्हा वरचं कापड अर्धवट फुगून फडफडतं आणि परबाणावर वाकलेल्या माणसाच्या अंगावर आपटतं. म्हणून हुकूम देणारा एकच असतो आणि बाकीचे तो मोठ्याने परत उच्चारतात. काम झाल्यावर दोर जागच्या जागी खुंट्याला आठ आकड्यासारखा गुंडाळून उरलेला भाग वेटोळं करून टांगतात.

हे खुंटे जवळून पाहण्यासारखे आहेत. डेकच्या दोन्ही कडांना आणि प्रत्येक डोलकाठीच्या बुंध्याशी भोकं पाडलेल्या जाड फळ्या आहेत. त्यांत मुसळाच्या आकाराचे लहान खुंटे उभे खोचलेले असतात आणि प्रत्येकाला एक दोर. चार काठ्यांच्या जहाजावर असे दोनशेहून जास्त दोर होतात आणि त्यांवर नावं लिहिलेली नसतात. नवीन कॅडेटला पहिल्या काही दिवसांत प्रत्येक दोराची जागा पाठ करावी लागे, कारण रात्री, पावसात, दिवा नसताना हाताने चाचपून तोच दोर सापडला पाहिजे. चुकीचा दोर सोडला तर वरच्या माणसाच्या जिवाशी गाठ. खुंटा सरळ वर उपसला की दोर एका क्षणात मोकळा होतो. गाठ सोडत बसावं लागत नाही. संपूर्ण जहाजावर एवढी साधी आणि एवढी विचारपूर्वक केलेली दुसरी वस्तू नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे थांबवून दाखवावं.

पाऊस असेल किंवा वारा जोराचा असेल तर कार्यक्रम रद्द होतो, हे लक्षात ठेवूनच जावं. ओलं शीड कोरड्याच्या कितीतरी पट जड होतं आणि ओलंच गुंडाळलं तर आत बुरशी धरते. वाऱ्याचं कारण वेगळं. समुद्रावर शिडात भरलेला वारा जहाज पुढे नेतो. इथे जहाज दोरखंडांनी बांधलेलं आहे, त्यामुळे तो सगळा जोर दोरखंडांवर, ते बांधलेल्या काठावरच्या खुंटांवर आणि डोलकाठ्यांवर येतो. म्हणून शिडं पूर्ण फुगलेली दिसणार नाहीत, अपेक्षा तशी ठेवू नये. ती ताणलेली, उजेडात जवळजवळ पारदर्शक दिसतात.

पाहायचं कुठून? उघडत असताना गोदीच्या कडेवरून. तिथे तिकीट लागत नाही आणि पूर्ण जहाज नजरेत मावतं. बंदर संग्रहालयाचं छप्पर म्हणजे उताराचं हिरवळीचं मैदान आहे. तिथे डबा घेऊन बसता येतं आणि बसावं. सगळी शिडं लागली की तिकीट काढून आत जावं. गर्दी त्या वेळी खाण्याच्या दुकानांकडे वळलेली असते. स्टेशनासमोरून निघणाऱ्या रोपवेतून जहाज वरून छान दिसतं, पण तेवढ्यासाठी त्याचं तिकीट काढायची गरज नाही.

आत गेल्यावर बाणांच्या पाट्यांनी मार्ग ठरवून दिला आहे. तो सगळा नुसता चालला तर अर्धा तास लागतो आणि नीट बघितला तर दीड. जिने उभे, अरुंद आणि लोखंडी आहेत. खाली उतरताना पाठ जिन्याकडे नव्हे तर तोंड जिन्याकडे करून उतरावं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी वरच्या डेकवरच समाधान मानलेलं बरं. पाठीवरची मोठी सॅक स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. माहितीपाट्या मुख्यतः जपानीत आहेत. फोनवर कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप आधी घालून ठेवलं तर जहाज दुपटीने कळेल. जहाजाच्या बाबतीतली मोठी तक्रार करायची तर हीच. इतक्या तपशिलाने जपलेल्या वस्तूला परदेशी पाहुण्यांसाठी याहून अधिक समजावून सांगणं शोभलं असतं.

कॅडेटांच्या खोल्यांत एकेका खोलीत आठ बंक आहेत, वर-खाली. दोन बंकांमधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. याच्या लगेच नंतर कप्तानाचं दालन येतं, लाकडी तावदानं आणि बसायची प्रशस्त जागा असलेलं. हा फरक खटकतो, आणि खटकावा. पण कारणही समजून घ्यावं: परदेशी बंदरात गेलं की हे जहाज देशाचं दिवाणखाना असे, तिथले अधिकारी आणि पाहुणे याच दालनात येत. 1960 साली, जपान-अमेरिका कराराला शंभर वर्षं झाली तेव्हा, निप्पोन मारू थेट न्यू यॉर्कपर्यंत जाऊन आली.

यंत्रघर चुकवू नका. घाईत असलेले लोक ते वगळतात, कारण शिडाच्या जहाजात इंजिन बघायला कोण येतं. इथली दोन डिझेल इंजिनं टोकियोच्या इकेगाई कारखान्याने बनवली, प्रत्येकी 600 अश्वशक्तीची. जपान मोठी जहाजी डिझेल इंजिनं घरच्या घरी बनवायला नुकता शिकत होता, त्या काळातली ही आहेत, आणि ती जहाज निवृत्त होईपर्यंत चोपन्न वर्षं त्याच जागी चालली. इंजिनच्या बाजूच्या जाळीदार पायवाटेवर उभं राहिलं की झाकणं, नळ्या, तेलाच्या वाट्या हाताच्या अंतरावर असतात. ज्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये किंवा गिरणीत काम केलं आहे त्यांचा इथे अर्धा तास सहज जाईल. ही इंजिनं होती म्हणूनच जहाज युद्धातून तगलं. 1943 मध्ये परबाणं आणि शिडं उतरवून घेतली गेली आणि प्रशिक्षण जहाज जपानच्या आतल्या समुद्रात माल वाहू लागलं, निव्वळ इंजिनावर. युद्ध संपल्यावर परदेशांत अडकलेल्या 25 हजारांहून जास्त जपानी लोकांना तिने मायदेशी आणलं. शिडं परत चढली ती 1952 मध्ये. पांढऱ्या शिडांच्या फोटोंपुढे हा नऊ वर्षांचा बोडक्या डोलकाठ्यांचा काळ झाकला जातो. खरं तर जहाजाच्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगाचा काळ कदाचित तोच असेल.

कोकणातल्या माणसाला मात्र इथे सगळ्यात जवळची वाटेल ती डेक घासायची पद्धत. डेक सागवानी फळ्यांचा आहे. रोज पहाटे कॅडेट अनवाणी, ओळीने उकिडवे बसत आणि सोडणासकट आडवा कापलेला अर्धा नारळ दोन्ही हातांत धरून, पाणी टाकत, तालावर डेक घासत. थंडीतही अनवाणीच. कापलेल्या बाजूला काथ्याची टोकं दाट ब्रशसारखी उभी राहतात. ती फळीच्या रेषांतला मळ काढतात आणि तारेच्या ब्रशासारखी लाकूड ओरबाडत नाहीत. घासून घासून नारळ झिजला की नवा घ्यायचा. आता शाळेच्या मुलांसाठी जहाजावर मुक्कामाचे वर्ग होतात, त्यांतही मुलं सकाळी हेच करतात.

या डेकबद्दल थोडं अधिक, कारण जतन करणाऱ्यांची खरी लढाई इथेच आहे. सागवानी फळ्या खालच्या पोलादी डेकवर बसवलेल्या असतात आणि दोन फळ्यांमधली फट सूत ठोसून वर डांबरासारखा मसाला ओतून बुजवतात. समुद्रावर असताना डेक रोज खाऱ्या पाण्याने भिजतो, लाकूड फुगलेलं राहतं आणि फटी घट्ट बसतात. बंदरात कायमचं उभं राहिलं की उन्हाने लाकूड आकसतं, मसाला फळीपासून सुटतो आणि तिथून पावसाचं गोडं पाणी आत जातं. गोडं पाणी लाकूड कुजवतं आणि खालच्या पोलादाला गंज चढवतं. वरून मात्र काहीच दिसत नाही. खोलीच्या छतावर तपकिरी डाग आला की समजायचं, वर्षांपूर्वीच सुरुवात झाली आहे. आत फिरताना छताच्या कोपऱ्यांकडे आणि रिव्हेटच्या ओळींकडे बघा. एवढ्या जुन्या, रिव्हेट ठोकून जोडलेल्या जहाजाच्या मानाने रंगकाम आणि लाकूड दोन्ही उत्तम राखलं आहे.

जागेची निवडही शहाणपणाची होती. जहाज ज्या दगडी गोदीत तरंगतं ती योकोहामा डॉक कंपनीची एक क्रमांकाची सुकी गोदी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. जहाजं दुरुस्त करायलाच बांधलेली. त्यामुळे तळ तपासायचा झाला तर जहाज ओढून दुसऱ्या गोदीत न्यावं लागत नाही. दार बंद करून पाणी उपसलं की काम सुरू. जगात अनेक जुनी जहाजं केवळ गोदीपर्यंत नेण्याचा खर्च आणि धोका परवडत नाही म्हणून जागच्या जागी सडली. गोदी आणि जहाज दोन्ही आता राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा आहेत. जहाजाला तो दर्जा 2017 मध्ये मिळाला. गोदीच्या पायऱ्यांसारख्या दगडी भिंती जहाजाच्या मागे लपतात, म्हणून काठाला जाऊन खाली वाकून बघाव्या लागतात. दोन क्रमांकाची गोदी लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी आहे. ती कोरडी असल्यामुळे आत उतरता येतं आणि ही दगडी रचना तिथे नीट कळते.

निवृत्त होईपर्यंत निप्पोन मारूने 18 लाख 30 हजार किलोमीटर कापले, म्हणजे पृथ्वीभोवती पंचेचाळीस फेऱ्यांहून जास्त, आणि सुमारे 11,500 कॅडेट घडवले. निवृत्तीच्या वेळी देशातल्या अनेक शहरांनी तिला मागणी घातली होती. मुंबईकराला इथे डफरिन आठवल्याशिवाय राहत नाही. तेही याच काळातलं. 1927 मध्ये मुंबई बंदरात डफरिन जहाजावर भारतीय व्यापारी नौकानयनाचं शिक्षण सुरू झालं, 1972 मध्ये राजेंद्र जहाजाने तिची जागा घेतली आणि 1993 पासून ते शिक्षण नेरूळला, जमिनीवर, चाणक्य या संस्थेत होतं. डफरिन भंगारात गेली. ज्या जहाजावर स्वतंत्र भारताच्या व्यापारी नौकांचे कप्तान घडले त्याच्या डेकवर आज कोणालाही उभं राहता येत नाही, ही रुखरुख योकोहामात जास्त जाणवते.

दिवस मोकळा असेल तर यामाशिता पार्कजवळची हिकावा मारूही करावी. 1930 चंच प्रवासी जहाज, तेही आत जाऊन बघता येतं. समुद्रकाठाने चालत जाता येतं, वाटेत लाल विटांची जुनी गोदामं लागतात. जुळी कैवो मारू तोयामा प्रांतातल्या इमिझुला आहे. तीही जतन केलेली आहे आणि तिचीही शिडं ठरावीक दिवशी उघडतात. उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्टमध्ये, दोन्हीकडच्या खालच्या खोल्या तापतात. पाण्याची बाटली आणि टोपी हवी. मे किंवा ऑक्टोबर उत्तम.

शिडं उघडायच्या दिवशी आसपास कुठेही गेलात तरी निप्पोन मारूपाशी तीनच्या आत परत या, कारण दुपारी तीननंतर शिडं उतरवायला सुरुवात होते आणि ते उघडण्यापेक्षा कठीण काम आहे. परबाणावर ओळीने वाकलेली माणसं एकाच वेळी हाताने कापडाची घडी वर ओढतात, पोटाखाली दाबून धरतात, पुन्हा ओढतात. गुंडाळी सैल राहिली तर तिच्यात पावसाचं पाणी साठतं, म्हणून ती परबाणाच्या माथ्यावर नेऊन पिळल्यासारखी घट्ट करतात, सुरकुती खालच्या बाजूला जाईल अशी, आणि मगच दोरी गुंडाळतात. एका टोकाचा माणूस मागे पडला तर सगळी ओळ थांबते. या वेळी बघे निम्मे गेलेले असतात आणि काठावर अगदी पुढे जागा मिळते.